घरासाठी मूल की मुलासाठी घर? विशेष गरजा असलेल्या बालकाचे दत्तकविधान

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी जळगाव रेल्वे स्थानकावरील कचराकुंडीत टाकून दिलेली एक तान्ही मुलगी सापडली. तिला दृष्टी नव्हती. आईवडिलांचा शोध लागला नाही, तेव्हा तिची रवानगी अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथील शंकरबाबा पापळकर यांच्या बालगृहात करण्यात आली. बाबांनी तिला माला हे नाव आणि स्वतःचे आडनाव दिले. ती ब्रेल लिपी शिकली, पदवीधर झाली आणि २०२४ साली महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक परीक्षेत उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री जाहीर झाली. अंध, मूकबधिर व बौद्धिक अक्षमता असलेल्या १२३ बेवारस मुलांना त्यांनी आपले नाव दिले आहे.

या वृत्ताने सर्वांनाच आनंद झाला. त्यासोबत एक प्रश्नही मनात उभा राहतो. जळगाव ते वझ्झर या वाटेवर हजारो घरे लागतात. त्यांपैकी एकाही घराचे दार त्या बाळासाठी का उघडले नसावे? संस्थेने तिला सर्व काही दिले, हे मान्य करूनही हा प्रश्न उरतोच. कारण शंकरबाबांसारखी माणसे विरळा असतात आणि घरे मात्र गावोगावी असतात.

विशेष गरजा असलेले बालक दत्तक घेणे म्हणजे काय, त्यासाठी कायदा काय सांगतो, ख्रिस्तसभेचे नियम काय आहेत आणि निर्णयापूर्वी कोणता विचार करावा, याची माहिती प्रस्तुत लेखात आम्ही देत आहोत. धुळ्याच्या उत्तरेस मुंबई-आग्रा महामार्गावर वसलेल्या सोनगीरसारख्या गावातील एखादे सामान्य दाम्पत्य नजरेसमोर ठेवून आम्ही हे लिहीत आहोत. मोठ्या शहरात मार्गदर्शन सहज मिळते; गावात ते शोधावे लागते.

विशेष गरजा म्हणजे काय?

हा शब्द ऐकताच अनेकांच्या मनात आयुष्यभर अंथरुणाला खिळलेल्या मुलाचे चित्र उभे राहते. वास्तविक या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. दुभंगलेला ओठ किंवा टाळू, जन्मतः वाकडे पाऊल, हृदयातील छिद्र, श्रवणदोष, अंधत्व, थॅलॅसेमिया किंवा सिकलसेलसारखे रक्ताचे आजार, मेंदूचा पक्षाघात, डाउन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता अशा अनेक अवस्था त्यात येतात. काही दोष एका शस्त्रक्रियेने दूर होतात, काहींना दीर्घकाळ औषधोपचार लागतात, तर काही जन्मभर सोबत राहतात. दत्तकासाठी आलेले बालक या वर्गात मोडते की नाही, हे संस्था आपल्या मताने ठरवत नाही. त्यासाठी जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा निर्वाळा लागतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली आहे. मात्र विशेष गरजा असलेले प्रत्येक बालक दिव्यांग असतेच असे नाही. ओठाची शस्त्रक्रिया झालेले मूल चार वर्षांनी शाळेत जाईल, तेव्हा वर्गातील कोणाच्या लक्षातही येणार नाही.

वंशासाठी दत्तक, बालकासाठी दत्तक

दत्तक ही आपल्याकडे जुनी प्रथा आहे. परंतु तिचा हेतू बहुधा वंशाचा दिवा तेवत ठेवणे हाच असे. १८७५ साली मालेगावजवळच्या कवळाणे गावातील गोपाळ नावाच्या मुलाची निवड बडोद्याच्या गादीसाठी झाली आणि पुढे तोच सयाजीराव गायकवाड म्हणून प्रसिद्धीस आला. गादीला वारस हवा होता, म्हणून सुदृढ, तल्लख मुलगा निवडला गेला. त्या काळाच्या रीतीला धरूनच हे झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १८७४ मध्ये, पुण्यात महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी एका ब्राह्मण विधवेचे मूल दत्तक घेतले. समाजाने ज्या बाळाला जन्माआधीच नाकारले होते, त्याला त्यांनी यशवंत हे नाव दिले. त्यांना गादी चालवायची नव्हती. यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याने पुण्याजवळ रुग्णांवर उपचार केले. त्याच साथीत रुग्णसेवा करताना सावित्रीबाईंना मृत्यू आला.

ही दोन उदाहरणे एक वर्षाच्या अंतराची आहेत. दोन्हींतील दृष्टी मात्र भिन्न आहे. पहिल्यात घराला मूल हवे होते, दुसऱ्यात मुलाला घर हवे होते. आजचा कायदा दुसऱ्या दृष्टीवर उभा आहे. बालकाचे हित सर्वप्रथम, हे त्याचे मूलतत्त्व होय. विशेष गरजा असलेल्या बालकाच्या बाबतीत तर याच दृष्टीने पाहिल्याविना पाऊल उचलूच नये.

सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी खानदेशात प्रसिद्ध आहेत. भांडे घेताना गिऱ्हाईक ते वाजवून पाहते आणि ते योग्यच आहे. बाळ मात्र वाजवून घेता येत नाही. पोटच्या मुलाच्या बाबतीतही अशी हमी कोणाला मिळालेली नसते.

ख्रिस्ती दाम्पत्य आणि कायदा

आपल्या अनेक वाचकांना ठाऊक नसेल, परंतु ती बालिका जळगाव स्थानकावर सापडली त्या काळात एखाद्या ख्रिस्ती दाम्पत्याने तिला घरी न्यायचे ठरवले असते, तरी त्यांना तिचे कायदेशीर आईवडील होणे अवघड होते. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ हा ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी व यहुदी समाजांना लागू नव्हता. त्यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळत असे. मूल सज्ञान झाले की ते पालकत्व संपे आणि वारसाहक्कही आपोआप मिळत नसे. कित्येक कुटुंबांनी या मुलांना पोटच्या लेकरांसारखे वाढविले. कागदोपत्री मात्र ती परकीच राहिली.

२००० साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांनी एका ख्रिस्ती दाम्पत्याच्या अर्जावर महत्त्वाचा निर्णय दिला. घर, नाव आणि राष्ट्रीयत्व मिळणे हा टाकून दिलेल्या बालकाच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, अशी भूमिका त्यात घेण्यात आली. त्याच वर्षी संमत झालेल्या बाल न्याय अधिनियमात दत्तकाची तरतूद आली आणि २००६ च्या दुरुस्तीने ती अधिक स्पष्ट झाली. कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली मूल दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये शबनम हाश्मी खटल्यात स्पष्ट केले. सध्या २०१५ चा बाल न्याय अधिनियम आणि २०२२ ची दत्तक नियमावली लागू आहे. दत्तक आदेश झाल्यावर बालक सर्व बाबतींत दत्तक आईवडिलांचे अपत्य ठरते, वारसाहक्कासह.

ख्रिस्तसभेचा कायदाही याला पूरक आहे. कॅनन लॉच्या ११० व्या कलमानुसार नागरी कायद्याने दत्तक घेतलेली मुले ही दत्तक घेणाऱ्यांचीच मुले मानली जातात. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत दत्तक बालकाची नोंद कशी करावी, हे ८७७ व्या कलमात सांगितले आहे. १०९४ व्या कलमानुसार दत्तकाने जोडल्या गेलेल्या भावाबहिणींत विवाह होऊ शकत नाही. म्हणजेच हे नाते रक्ताच्या नात्याइतकेच खरे आहे. बौद्धिक अक्षमता हा स्नानसंस्कारास अडथळा नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ५ जानेवारी २०२२ रोजी संत योसेफवरील प्रबोधनात दत्तक घेण्याची गणना प्रेमाच्या सर्वोच्च रूपांत केली होती आणि संस्थांनी प्रक्रिया सुलभ करावी, असे आवाहनही केले होते. येशूला जगात नाव मिळाले आणि दाविदाच्या कुळाशी त्याचे नाते जुळले ते योसेफमुळे, हे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आपण वाचतो.

सोनगीरच्या दाम्पत्याने काय करावे?

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. रुग्णालयातून, ओळखीच्या दाईकडून किंवा मध्यस्थाकरवी बाळ परस्पर घेणे हा गुन्हा आहे. घेणारा आणि देणारा दोघेही त्यात अडकतात. मूल विकण्या-विकत घेण्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हेतू कितीही चांगला असला, तरी अशा मार्गाने आलेले बाळ कायद्याने आपले होत नाही.

योग्य मार्ग असा : केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजेच 'कारा', यांच्या 'केअरिंग्ज' या संकेतस्थळावर नावनोंदणी करावी लागते. संगणकाची सवय नसल्यास धुळे येथील जिल्हा बाल संरक्षण कक्षाची मदत घ्यावी. जन्म, विवाह, उत्पन्न, निवास व आरोग्य यांचे दाखले लागतात. त्यानंतर सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन गृह अध्ययन अहवाल तयार करतो. तो तीन वर्षे ग्राह्य असतो. या भेटीत घर मोठे आहे का, यापेक्षा घरातील माणसांची मने तयार आहेत का, हे पाहिले जाते.

दाम्पत्याच्या विवाहाला किमान दोन वर्षे झालेली असावीत आणि दोघांची संमती असावी. दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी पतिपत्नीच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक नसावी. बालकाचे वय जसे वाढते, तशी ही मर्यादाही वाढते. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, एकट्या पुरुषाला केवळ मुलगा दत्तक घेता येतो. ज्यांना आधीच दोन किंवा अधिक मुले आहेत, अशा दाम्पत्याचा विचार नातलगाचे मूल वगैरे अपवाद सोडल्यास विशेष गरजा असलेल्या किंवा ज्यांना घर मिळणे कठीण आहे अशाच बालकांसाठी होतो.

दत्तकासाठी बालक कायदेशीररीत्या मुक्त आहे, असे आधी बालकल्याण समिती घोषित करते. दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी दोन महिने आणि त्याहून मोठ्यासाठी चार महिने अशी कालमर्यादा कायद्यात आहे. बालकाचा वैद्यकीय अहवाल भावी पालकांना दिला जातो आणि तो आपल्या विश्वासातील डॉक्टरांना दाखवण्याची मुभा असते. ती अवश्य घ्यावी. त्यानंतर बालक दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी येते आणि अंतिम आदेशासाठी प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. १ सप्टेंबर २०२२ पासून हा अधिकार न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे आला असून दोन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो. पुढील दोन वर्षे दर सहा महिन्यांनी बालकाची विचारपूस होते. ठरलेले शुल्क पावती घेऊनच भरावे. त्यापलीकडे कोणी पैसे मागितल्यास तक्रार करावी.

वेळेचे मोल

विशेष गरजा असलेल्या बालकाच्या बाबतीत प्रत्येक महिना मोलाचा असतो. दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात आणि टाळूची सुमारे दीड वर्षाच्या आत केली जाते. टाळू वेळेत शिवला गेला, तर वाचा स्पष्ट होण्यास मदत होते. वाकड्या पावलावर पहिल्या काही आठवड्यांतच दर आठवड्याला प्लॅस्टर बदलत उपचार सुरू केल्यास बहुतेक पावले सरळ होतात. पुढे चार-पाच वर्षांपर्यंत रात्री विशिष्ट बूट घालावे लागतात आणि हे बूट रोज कोणीतरी प्रेमाने घालावे लागतात. श्रवणदोष पहिल्या तीन महिन्यांत ओळखून सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू व्हावेत, असा संकेत आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या बालकांना जन्मतः हृदयविकार असतो. तो वेळीच तपासला गेला, तर ही बालके साठीपर्यंतही जगू शकतात.

संस्थेतील धर्मभगिनी वा सेविका कितीही दयाळू असल्या, तरी एका सेविकेच्या वाट्याला अनेक बाळे येतात. एकाच बाळाकडे दिवसभर पाहून त्याच्याशी बोलणारे, त्याला रोज व्यायाम देणारे माणूस घरातच मिळते. म्हणूनच घर हा उपचाराचाच भाग आहे, असे आम्ही म्हणतो.

सोनगीरपासून धुळे सुमारे वीस किलोमीटरवर आहे. तेथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढील उपचार मोफत होतात. दिव्यांग प्रमाणपत्र मिळाल्यावर एसटी प्रवासात सवलत मिळते. 'निरामय' योजनेत आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. साधने आहेत, ती मिळवण्यासाठी खेटे घालावे लागतात, हेही तितकेच खरे.

निर्णयापूर्वी

निरोगी तान्ह्या बाळासाठी आज तीन वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागते. विशेष गरजा असलेल्या बालकांसाठी मात्र रांग नसते. यातून एक धोका उद्भवतो. केवळ लवकर मूल मिळावे म्हणून काही जण या वाटेने येतात. आमचे स्पष्ट मत आहे, की रांग टाळण्यासाठी असे बालक कोणीही घेऊ नये. दत्तक गेलेले मूल संस्थेकडे परत येण्याचे प्रसंग घडतात आणि एकदा टाकले गेलेले लेकरू दुसऱ्यांदा टाकले जाते. त्या जखमेवर औषध नाही.

तद्वत पुण्यसंचयासाठी किंवा नवस म्हणूनही असे बालक घेऊ नये. पुण्याचा उत्साह पहिल्या वर्षात ओसरतो. रात्रीची जागरणे, आकडी येणे, रुग्णालयाच्या फेऱ्या मात्र चालू राहतात. मूल हे आपल्या भक्तीचे साधन नव्हे. त्याच्यावर उपकार केल्याची भावना घरात असेल, तर ती त्याला बोलता येण्यापूर्वीच कळते.

म्हणून पतिपत्नीने एकमेकांना प्रांजळपणे विचारावे : हे बाळ कधीच चालले नाही, तर? आईला ओळखूनही कधी 'आई' म्हणाले नाही, तर? आपल्यापैकी एकाची नोकरी सुटली, तर? घरातील आजी-आजोबांचे आणि थोरल्या मुलांचे म्हणणे काय? कोणती अवस्था आपल्याला पेलवेल आणि कोणती नाही, हे नोंदणीच्या वेळी स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही. 'आम्हाला जमणार नाही' असे आधी म्हणणारे दाम्पत्य प्रामाणिक असते. त्यांच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार कोणालाही नाही, धर्मगुरूंनाही नाही.

आणि ज्यांना जमते, त्यांना ते जमते. पुण्यात संगणक अभियंता असलेले आदित्य तिवारी हे अविवाहित तरुण इंदूरच्या संस्थेत डाउन सिंड्रोम असलेल्या एका बाळाला भेटले. तेव्हा दत्तक घेण्यासाठी किमान तीस वर्षे वयाची अट होती. त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. दरम्यान २०१५ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी वयाची अट शिथिल झाली आणि १ जानेवारी २०१६ रोजी ते बाळ त्यांच्या घरी आले. सोनगीरवरून जाणारा महामार्गच पुढे इंदूरला पोहोचतो.

आमच्यामागे याचे कोण?

अशा मुलांच्या प्रत्येक आईवडिलांना हा प्रश्न छळतो. शंकरबाबा पापळकर अनेक वर्षे हेच मांडत आले आहेत, की अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून दिव्यांग अनाथ मुलाला बालगृहाबाहेर काढले, तर ते जाणार कोठे? घरात वाढलेल्या मुलाला निदान ही वयाची अट लागू होत नाही. त्याला भावंडे असतात, काका-मामा असतात, वारसाहक्क असतो. याखेरीज १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. आईवडिलांनी हयातीतच ही तजवीज करावी आणि मृत्युपत्र करून ठेवावे.

धर्मग्रामाचे कर्तव्य

खानदेशातील आपली धर्मग्रामे विखुरलेली आहेत, कुटुंबे थोडी आहेत. तरीही काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. असे बालक घरी आल्यावर इतर कोणत्याही बाळाचे होते तसे स्वागत व्हावे. 'कोणाचे आहे?', 'असलेच का घेतले?' हे प्रश्न आईच्या कानांवर पडू नयेत. धुळ्याला रुग्णालयात जाण्याच्या दिवशी कोणी सोबत जावे, थोरल्या मुलाचा डबा कोणी करावा, आईला महिन्यातून एक दुपार विश्रांती मिळावी. मिस्सेच्या वेळी ते मूल ओरडले, तर कोणीही मान वळवून पाहू नये.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. ज्या मातेला आपले बाळ सांभाळणे खरोखरच अशक्य आहे, तिच्यासाठी कायद्याने सुरक्षित वाट ठेवली आहे. बालकल्याण समितीसमोर ती बाळ सोपवू शकते. विचार बदलण्यासाठी तिला साठ दिवसांची मुदत मिळते. परिस्थितीपुढे हतबल होऊन बाळ अशा प्रकारे सोपवणाऱ्या मातापित्यांना गुन्हेगार मानले जात नाही. संकटातील बालकासाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो आपल्या मंदिराच्या फलकावर लिहिलेला असावा आणि महिला मंडळाच्या सभेत सांगितला जावा. रेल्वे स्थानकावरील कचराकुंडीत एखादे बाळ टाकले जाते, तेव्हा पुष्कळदा दुसरी वाट आहे हे कोणी त्या मातेला सांगितलेलेच नसते.

विशेष गरजा असलेल्या पुष्कळ भारतीय बालकांना आज अमेरिका, इटली, स्पेन यांसारख्या दूरदेशी घरे मिळतात. त्या कुटुंबांविषयी आम्हाला आदरच आहे. तरीही खानदेशात जन्मलेल्या बाळाने आपल्या घराचा शोध घेत सातासमुद्रापलीकडे जावे आणि त्याच्या कानी अहिराणीचा, मराठीचा एकही शब्द पडू नये, याची खंत वाटते. प्रत्येक कुटुंबाला हे जमणार नाही. जमावे अशी अपेक्षाही नाही. परंतु एखाद्या धर्मग्रामात एका जरी दाम्पत्याने मनापासून विचार केला आणि उर्वरित कुटुंबांनी त्यांच्या पाठीशी उभे राहायचे ठरवले, तर एका बालकापुरता हा प्रश्न सुटतो. त्या बालकाला तेवढेच हवे असते.